नंदाअक्कांचा हात

आमच्या सासूबाईंचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला आणि गुलाबी कागदात गुंडाळलेले रबरी हातमोजे दिले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आणि मग त्यांना टोपली परिवारातून काढून टाकलं. इतक्या गोड शब्दांत माणसाला हाकलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, आठवलं की अजून डोकं तापतं.

टोपली परिवार म्हणजे सांगलीतल्या आमच्या कॉलनीत गच्चीवर भाजी पिकवणाऱ्या हौशी लोकांचा गट. हल्ली उन्हाळे असे पडतात की शेतात टोमॅटोला फळच धरत नाही, आणि बाजारात जो येतो तो इतका महाग की सणासुदीलाच आणायचा. म्हणून प्रत्येक गच्चीवर हिरवी जाळी आणि तिच्याखाली कुंड्या. गटाच्या प्रमुख मेधाताई देशिंगकर, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा मऊ की बाई आपल्याला रागवतायत हे घरी गेल्यावर कळतं.

गटाची एक रीत होती. दर रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून एकेकाच्या गच्चीवर जायचं. टोमॅटोच्या खोडात आणि फांदीच्या बेचक्यात एक फाजील कोंब फुटतो, तो नखाने खुडायचा, म्हणजे झाडाची ताकद फळाला जाते. याला त्यांनी हातफेर असं नाव दिलं होतं. आणि कुणाकडेही नवी लावण असली की पहिलं रोप नंदाअक्कांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी लावायचं. अक्कांच्या हाताला गुण आहे, असं सगळी कॉलनी म्हणायची. त्यांनी हात लावलेलं झाड कधी दगा द्यायचं नाही, हे मीही पाहिलं होतं. मला भाजीत खाण्यापुरताच रस, पण अक्कांना जिने चढायला सोबत लागायची, म्हणून मी जायचे.

सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने, विरेशने, अक्कांना कृष्णाकाठच्या खेड्यातून आमच्या फ्लॅटवर आणलं. आल्या तेव्हा नुसत्या गॅलरीत बसून असायच्या. कुणी विचारलं तर हो, नाही विचारलं तर गप्प. मेधाताई एकदा त्यांना वर घेऊन गेल्या आणि बाईंमध्ये जीव आला. रविवारी उजाडायच्या आत आंघोळ, ठेवणीतलं इरकल, केसात एखादं फूल. "अक्का, माझ्या मिरचीला काय झालंय बघा ना," असं कुणी म्हटलं की त्यांची मान ताठ व्हायची. तो रविवार काढून घेतला असता तर अक्कांकडे काहीही उरलं नसतं. आमच्या दोघींचं काही फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही, पण एवढं मला दिसत होतं.

आता अक्कांचं गुपित. त्या मिश्री लावायच्या. तंबाखूचं पान तव्यावर भाजायचं, चुरायचं आणि बोटाने दातांना घासायचं. आणि त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर! दवाखान्यात भिंतभर पाटी, तंबाखू सोडा. त्यामुळे विरेश कामावर गेला की अक्कांचा तवा चढायचा, आणि पुढचं सगळं न्हाणीघरात, नळ सोडून. मला वासावरून कळलं होतं. मी कुणाला बोलले नाही. म्हातारं माणूस, करते तर करते.

त्याच सुमारास टोमॅटोवर एक नवा विषाणू आला. फळांवर तपकिरी चट्टे पडायचे, पानं दोऱ्यासारखी बारीक व्हायची. लोक त्याला चट्ट्याच म्हणायला लागले. शेतातल्या पिकाला लागण होऊ नये म्हणून महापालिकेने नियम काढला की एखाद्या कॉलनीत चट्ट्या सापडला तर तिथली सगळी झाडं उपटणार, आणि पुन्हा सापडला तर गच्च्यांना कायमचं कुलूप. मेधाताईंची झोपच उडाली. त्यांनी गटासाठी एक मागोवा मागवला.

मागोवा हे यंत्र तळहाताएवढं. पानाचा रस काडीवर घेऊन त्यात घालायचा. विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा स्वतःच्या नकला काढत जातो, आणि नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. पुढचा विषाणू तीच चूक घेऊन पुढे जातो आणि स्वतःची एक भर घालतो. या चुका जुळवत गेलं की कुणाकडून कुणाकडे आला याची वंशावळ तयार होते. मी मिरजेच्या एका लॅबमध्ये आहे, माणसांच्या साथीत आम्ही हेच करतो. फक्त आमचं यंत्र विषाणूचं अख्खं पुस्तक वाचतं आणि हे घरगुती यंत्र एक पान. त्यावरून विषाणूचं कूळ कळतं, तो कुठून कुठे गेला ते कळतं. त्याचा स्वभाव कळत नाही.

मेधाताईंनी सगळ्या गच्च्या तपासल्या आणि सगळीकडे लाल दिवा लागला. झाडं टवटवीत, फळांनी लगडलेली, आणि दिवा लाल! यंत्र म्हणालं, विषाणू चट्ट्याच्या कुळातला आहे. वंशावळीच्या साऱ्या फांद्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, अक्कांच्या कुंड्यांपाशी येऊन मिळत होत्या.

पुढच्या रविवारी सगळे मेधाताईंच्या गच्चीवर जमले. अक्का नेहमीसारख्या नटून आल्या होत्या. मेधाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "अक्का, जरा हात द्या बरं."

अक्कांना वाटलं, रोप लावायचंय. त्यांनी पदर खोचून दोन्ही हात पुढे केले. मेधाताईंनी नखाखाली काडी फिरवली आणि यंत्रात घातली. लाल.

"अक्का, तुम्ही तंबाखू खाता का हो?"

"न्हाई बाई."

"मग मिश्री?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण बोलणार काय? मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एकाने मोबाइल वर धरला होता.

"लावते," अक्का म्हणाल्या. "लहानपणापास्नं."

"अरे देवा," मेधाताई म्हणाल्या, अगदी मायेने. "घाबरू नका. आपण कुणालाही दोष देत नाही आहोत. हा विषाणू तंबाखूतूनच येतो आणि हाताने पसरतो. तुम्ही गावाकडच्या, तुम्हाला बिचाऱ्यांना काय कल्पना!" मग त्यांनी एका घमेल्यात ब्लीचचं पाणी मागवलं आणि सगळ्यांदेखत अक्कांचे हात त्यात बुडवून घासले, कोपरापर्यंत. बांगड्या काढायला लावून. अक्का लहान मुलीसारख्या हात देऊन बसल्या होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तो व्हिडिओ 'जनजागृतीसाठी' म्हणून सगळीकडे फिरला. विरेशच्या दवाखान्यात पेशंट त्यालाच विचारायला लागले, डॉक्टर, आईसाहेबांचे दात कसे आहेत? त्या दिवशी घरी येऊन तो अक्कांवर असा ओरडला की खालचे लोक वर आले. "लोकांत हसं झालंय माझं! तू घरातच बस आता." त्यानंतर त्याने अक्कांशी बोलणं टाकलं. पान वाढलं की आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जायचा.

अक्कांनी त्याच दिवसापासून मिश्री सोडली.

महापालिकेला कळायच्या आत गटाने सगळ्या गच्च्यांवरची टोमॅटो, मिरची, वांगी उपटली, कुंड्या ब्लीचने धुतल्या. नवी सुरुवात, मेधाताई म्हणाल्या. आणि मग तो सत्कार. 'आपल्या लाडक्या अक्का आता विश्रांती घेणार आहेत,' असं भाषण झालं. अक्कांना खरंच वाटलं की कौतुक चाललंय. शाल पांघरून हसत बसल्या होत्या. घरी येऊन त्यांनी मला मोबाइल दिला, "ग्रुपावर फोटू आलं असतील, दाखव की." मी पाहिलं तर गटातून नाव काढलेलं. मला सांगवेना. शेवटी सांगितलं. त्या हातमोज्यांच्या कागदाची नीट घडी घालत बसल्या.

पुढचे सगळे रविवार त्या आंघोळ करून इरकल नेसायच्या, गॅलरीत बसायच्या, आणि गच्चीवर जमलेली माणसं खाली उतरली की आत येऊन साडी बदलायच्या. मी एकदा म्हटलं, अक्का, कशाला नेसता? तर म्हणाल्या, "सवय गं."

आषाढात गटाने नवी लावण केली. स्वच्छ कुंड्या, स्वच्छ हात, सगळ्यांना हातमोजे. आणि श्रावण संपायच्या आत चट्ट्या आला. खराखुरा. पानं दोऱ्यासारखी झाली, टोमॅटो कच्चेच डागाळले, मिरच्या वाकड्या होऊन गळून पडल्या. एक गच्ची वाचली नाही. महापालिकेची माणसं आली, सगळं उपटून पोत्यात भरून घेऊन गेली आणि बजावून गेली: हा पहिला प्रकार. पुन्हा सापडला की कुलूप.

मला मात्र एक गोष्ट खटकली. अक्कांच्या वेळी सगळ्या झाडांत विषाणू होता आणि झाडं ठणठणीत होती. आता सगळं निर्जंतुक, आणि झाडं मेली. असं कसं? अक्कांची माहेरून आणलेली जुनी तंबाखूची जुडी माळ्यावर तशीच होती, मिश्री सोडली तरी टाकवली नव्हती त्यांना. तिचं एक पान मी घेतलं, तुलनेला म्हणून बाजारातून एक जुडी आणली आणि दोन्हींचे नमुने लॅबच्या मोठ्या यंत्रात घातले. उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतच उडाले.

घरी येऊन आधी चहा टाकला, दोन्ही जुड्या ओट्यावर ठेवल्या आणि अक्कांना स्वयंपाकघरात बसवलं.

"अक्का, माहेरी तंबाखू कशी करायचे?"

"बांधाला चार रोपं. घरापुरती. त्याचंच बी धरायचं."

"आणि पानावर ठिपका दिसला तर?"

"ठिपका दिसला की आई रोप उपटून चुलीत घालायची. आज्जीबी तसंच करायची. का गं?"

इथेच सगळं होतं. ज्या विषाणूने झाडाला त्रास दिला तो ठिपक्यावरून ओळखू यायचा आणि चुलीत जायचा. जो झाडात गुपचूप राहिला, पानाला धक्का लावला नाही, तोच बियाबरोबर पुढच्या वर्षीच्या रोपांत गेला. असं तीन पिढ्या चाललं. अक्कांच्या माहेरच्या बायकांनी नकळत एक गरीब स्वभावाचा विषाणू पाळला होता.

"तुमच्या पानातला विषाणू चट्ट्याचा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं. "पण गरीब. आणि झाडाचं असं असतं, एका कुळातला एक आत आला की झाडाच्या पेशी ते कूळ ओळखायला शिकतात. मग त्याच कुळातला दुसरा आला की त्याचे तुकडे करून टाकतात. चट्ट्याला शिरकावच नाही."

"देवीची लस टोचायचे तसं?"

"अगदी तसंच! तुम्ही दर रविवारी नखाने अख्ख्या कॉलनीला लस टोचत होता अक्का. तुमच्या हाताला गुण होता म्हणजे खरोखरच होता."

अक्का हसल्या नाहीत. बशीतला चहा फुंकत राहिल्या. "आन् ही दुसरी जुडी? बाजारची?"

"ती खुनशी. तिच्यात अस्सल चट्ट्या आहे. ही कॉलनीत गेली तर एक रोप उभं राहणार नाही."

"दिसायला तर सारखीच हाय."

"मेधाताईंच्या यंत्रालाही सारखीच दिसेल. लाल म्हणजे लाल, ते कूळच बघतं."

त्याच संध्याकाळी मी मेधाताईंना फोन करून सगळं सुनावलं. मला काय हवं होतं सांगू? त्यांनी येऊन अक्कांचे पाय धरावेत. त्यांना घेऊन जावं वर, वाजतगाजत. विरेशने ते पाहावं.

त्या आल्या. सोबत गटातल्या चार बायका, साडी, नारळ, पेढे. गणपती नुकतेच गेले होते, नवी रोपं तयार होती. "अक्का, केवढा गैरसमज झाला हो," मेधाताई म्हणाल्या. चूक हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, मी लक्ष ठेवून होते. "आता तुम्हीच आम्हाला तारा. ती पानं तेवढी हवी होती."

अक्कांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्या येते की रविवारी. माझ्या हातानं लावते समद्यांच्या रोपांना."

"अहो म्हणजे काय! तुमच्याशिवाय कसं होईल? पण पानं आजच द्या, तपासून ठेवते."

अक्का आत गेल्या. जरा वेळ लागला. मग वर्तमानपत्रात बांधलेली जुडी घेऊन आल्या. मेधाताईंनी पर्समधून मागोवा काढला, पानाचा तुकडा भिजवला, काडी घातली. लाल दिवा लागला आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या दिव्यापायी बाईचे हात ब्लीचमध्ये बुडवले, त्याच दिव्याला टाळ्या! साडी-नारळ देऊन, पेढा भरवून त्या गेल्या. रविवारी बोलावतो, म्हणाल्या.

रविवारी अक्का उजाडायच्या आत तयार होत्या. विरेश बाहेरगावी होता, नाहीतर मी त्याला हाताला धरून बसवलं असतं बघायला. आम्ही गॅलरीत वाट बघत बसलो. समोर मेधाताईंच्या गच्चीवर माणसं जमायला लागली. टेबल मांडलं, त्यावर रोपांचे ट्रे आले. मग एकाने पाठीवर फवारणीचा पंप अडकवला. सगळ्यांनी हातमोजे चढवले. आमच्याकडे कुणी आलं नाही, फोन नाही.

"थांबा, मी जाऊन विचारतेच त्यांना," मी उठले. "लाज नाही वाटत? तुमची पानं, आणि तुम्हालाच..."

"बस खाली," अक्का म्हणाल्या. "ती पानं माझी न्हाईत."

"म्हणजे?"

"तू आणलेली जुडी दिली म्या. बाजारची." त्यांनी कमरेचा ओचा चाचपून दाखवला. "माझं पान हितं हाय. म्हटलं, वर बोलवत्याल तवा सांगायचं, बायांनो, ती टाका, चुकून गेली, ही घ्या. न्हाई बोलवलं तर मग त्यांचं नशीब."

मी कठड्याशी जाऊन पाहिलं. समोर पंपात पाणी भरणं चाललं होतं. तो फवारा उडाला की संपलं. नवी रोपं जाणार, महापालिका येणार, कॉलनीतल्या सगळ्या गच्च्या कायमच्या बंद होणार. मेधाताईंची, त्या हसणाऱ्याची, व्हिडिओ काढणाऱ्याची, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचीही.

"अक्का, तुमचीसुद्धा गच्ची जाईल."

"माझी कवाच गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज शांत होता, डोळे मात्र भरले होते. "तुला फोन करायचा तर कर. म्या अडवत न्हाई."

मी मोबाइल हातात घेतला आणि तेवढ्यात तोच वाजला. मेधाताई.

"ऋतुजा, अगं एक विचारायचं होतं. पानं भिजवलेल्या पाण्याला फार गडद रंग आलाय. चालेल ना? तू लॅबमधली, म्हटलं तुलाच विचारावं."

मी मोबाइल स्पीकरवर टाकला. "सगळे जमलेत?" मी विचारलं.

"सगळे! केवढा उत्साह आहे म्हणून सांगू. मुलंसुद्धा आपापलं रोप घेऊन आलीत."

"मग अक्कांना घेऊन येऊ वर? तयार होऊन बसल्यात सकाळपासून."

आवाज अक्कांपर्यंत जात होता. त्या खुर्चीत सावरून बसल्या. एक हात ओच्यावर होता.

मेधाताईंनी आवाज खाली आणला. "अगं, नको गं. आमचं काही नाही, पण काही जणांना त्या मिश्रीची अजून किळस वाटते. उगाच सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. आणि आता पंप आहे, हाताची गरजच नाही ना. पण आम्ही या द्रावणाला त्यांचंच नाव दिलंय हं, नंदामृत. छान आहे की नाही?"

अक्कांनी ओच्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"छान आहे," मी म्हटलं. "रंगाचं काही नाही, ताई. रेती घातलीत का त्यात?"

"रेती? ती कशाला?"

"बारीक चाळलेली, मूठभर घाला. तिने पानाला ओरखडा पडला की ते आत नीट शिरतं. आणि पानांच्या खालच्या बाजूनेही मारा. मुलांनी आणलेल्या रोपांनाही मारा. एकही सोडू नका."